दार कोणी ठोठावले?

बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या इमारतींमध्ये संगणक आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. परदेशातल्या नातवंडांचे चेहरे, विजेचे बिल, बँकेचे खाते, सारे एकाच पडद्यावर असते. त्याच पडद्यावर भर दुपारी लाल चौकट उघडते : ‘तुमचा संगणक धोक्यात आहे. ताबडतोब अपडेट करा.’ घरात विचारायला कोणी नसते. बटण दाबायची भीती वाटते, न दाबायचीही वाटते.

मुळात अपडेट म्हणजे काय? प्रोग्रॅम माणसेच लिहितात, त्यामुळे त्यात फटी राहतात. फट सापडली की कंपनी ठिगळ पाठवते, तेच अपडेट. ते न लावल्याचा परिणाम जगाने मे २०१७ मध्ये पाहिला. ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांतल्या संगणकांतील फायलींना कुलूप घालून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो पसरला, तिचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते.

अपडेट इतके गरजेचे, म्हणूनच चोरांनी त्याचा वेष घेतला. ‘तुमचा फ्लॅश प्लेअर जुना झाला आहे’ ही वर्षानुवर्षे चाललेली थाप. अडोबी कंपनीने फ्लॅशला ३१ डिसेंबर २०२० रोजी कायमचा निरोप दिला. त्यामुळे आज कोणी फ्लॅशचे अपडेट देऊ करत असेल, तर तो लबाडच. मोबाइलवर हीच लबाडी व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या ‘एपीके’ फाइलच्या रूपात येते. कधी बँकेच्या नावाने, कधी वाहनाच्या दंडाच्या.

पूर्वी अशा संदेशांची भाषा मोडकी असे, त्यावरून चोर ओळखता येई. आता तो शुद्ध मराठीही लिहितो. म्हणून शब्दांपेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा : दार कोणी ठोठावले? एखादे वेबपान आपल्या संगणकात डोकावून व्हायरस शोधू शकत नाही. ते तसे म्हणत असेल, फोन करायला नंबर देत असेल किंवा पैसे मागत असेल, तर पान बंद करावे. बंद होत नसेल तर संगणकच बंद करून पुन्हा सुरू करावा. मग स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट आहे का ते पाहावे. मोबाइलवरची अॅप प्ले स्टोअरमधूनच अपडेट करावीत.

एवढे करूनही पूर्ण अभय नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या खऱ्या अपडेटमध्येच विष मिसळले गेले. त्या ‘नॉटपेट्या’ने जहाज कंपनी मर्स्कला गाठले आणि आपल्या न्हावा-शेवाच्या बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. म्हणून फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

पण अशा बातम्या ऐकून अपडेटच बंद करून टाकणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे. विष मिसळलेले अपडेट विरळा. न बुजवलेली फट मात्र चोराला रोजच उघडी.

आणि पैसे गेलेच, तर मुले काय म्हणतील या लाजेने गप्प बसू नये. तत्काळ बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत पसरण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. त्या घटकेला लाज फार महाग पडते.