आडवाटेच्या मोटारी आणि बिनतारी संच

चार-पाच जीपगाड्या घेऊन आडवाटेने डोंगरात शिरायचं, ओढे-नाले ओलांडायचे, चिखलात रुतायचं आणि एकमेकांना ओढून काढायचं, हा छंद आपल्याकडेही आता चांगला रुजला आहे. गाडी रुतते त्याचं फारसं काही वाटत नाही. ती आज ना उद्या निघते. खरा घोटाळा होतो तो मागची गाडी रुतल्याचं पुढच्याला कळत नाही तेव्हा. सह्याद्रीतल्या कितीतरी दऱ्यांत मोबाईल मुका होतो, हॉर्न वाऱ्यात विरून जातो, आणि आरशात पाहावं तर नुसतं धुकं! पावसाळ्यात ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. तोवर पुढची मंडळी दोन वळणं पलीकडे गेलेली असतात. म्हणून अशा सफरीत बोलका बिनतारी संच, म्हणजेच वॉकी-टॉकी, ओढायच्या दोराइतकाच आवश्यक समजावा.

पण तो घ्यावा कसा? पुष्कळजण खोक्यावर छापलेला पल्ला पाहतात. 'दहा किलोमीटर', 'पंधरा किलोमीटर'! आता गंमत अशी, की या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. उभ्या माणसाने संच तोंडाशी धरला, तर सपाट जमिनीवर त्याचं क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असतं. दोघांचं मिळून नऊ. त्यापलीकडे पृथ्वीचा फुगवटाच आड येतो, मग डोंगराची सोंड मधे आली तर काय होईल ते सांगायलाच नको. उलट हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अगदी कडेला उभं राहा; खालच्या बेलपाड्यातला माणूस लहानशा संचावरही बोलू शकेल. कड्यापासून थोडे आत सरकलात, की आवाज तुटायला लागेल. संचाची शक्ती चौपट केली तरी मोकळ्या जागेत पल्ला दुप्पटच होतो. तेव्हा वॅटचा आकडा पाहून भुलू नये.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथे फार गफलत होते. कोणत्याही लहरीवर वाटेल त्याने बोलावं, अशी मुभा नाही. त्याच लहरींवर पोलीस, अग्निशामक दल असे पुष्कळजण कामात असतात. आपल्या देशात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्ट्यात, थोड्या शक्तीच्या संचांवर, परवान्याशिवाय बोलता येतं. मात्र संचाला सरकारी प्रकारमान्यता हवी. बाजारात स्वस्तात मिळणारे, हव्या त्या लहरीवर लावता येणारे संच या सवलतीत बसत नाहीत. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तेव्हा मान्यतेचा दाखला दाखवा, असं विक्रेत्याला खुशाल म्हणावं. ज्यांना याहून लांब बोलायचं आहे त्यांनी हौशी बिनतारीची, म्हणजे 'हॅम'ची परीक्षा देऊन रीतसर परवाना काढावा. तो अभ्यासही मोठा रंजक आहे.

एवढं झालं, की बाकी निवड सोपी. भिजल्या हाताने फिरवता येईल असं बटण, पाण्यापासून संरक्षण आणि गाडीतच भरता येणारी बॅटरी असली म्हणजे पुरे. काही संचांवर 'प्रायव्हसी कोड' असतो. नाव फसवं आहे बरं का! त्याने तुमचं बोलणं गुप्त राहत नाही. फक्त इतरांचं बोलणं तुमच्या कानी पडत नाही. आणि तांड्यातल्या एकाने कोड लावला, दुसऱ्याने नाही, तर एकाला ऐकू येतं आणि दुसरा 'हॅलो, हॅलो' करीत राहतो. निघण्यापूर्वी सर्वांनी चॅनेल आणि कोड जुळवून घ्यावेत.

शक्य तर प्रत्येक गाडीत एकेक संच असावा. दोनच असतील तर एक पहिल्या गाडीत, एक शेवटच्या. तिसरा मिळाला तर तो ओढ्यापाशी खाली उतरून वाट दाखवणाऱ्याच्या हाती द्यावा. बोलणाऱ्याने संच काचेबाहेर धरून बोलावं, कारण गाडीचा पत्रा लहरी अडवतो. बटण दाबल्यावर क्षणभर थांबावं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो; आणि तो पहिला शब्द 'थांबा' असू शकतो.