घनसावंगी ठाऊक नसलेलं यंत्र

२०२४ साली घनसावंगीच्या मतदारांनी दोनदा बटण दाबलं. २६ एप्रिलला परभणी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबरला घनसावंगी विधानसभेसाठी, म्हणजे राज्याच्या यादीतल्या १०० क्रमांकाच्या मतदारसंघासाठी. उमेदवार बदलले, चिन्हं बदलली, मतदारसंघाच्या हद्दीही बदलल्या. यंत्राच्या पोटातला प्रोग्रॅम मात्र तोच राहिला. त्याच बनावटीचं यंत्र अरुणाचलातल्या एखाद्या डोंगरी केंद्रावर असेल, तर तिथेही तोच. हैदराबादच्या ईसीआयएलमध्ये किंवा बेंगळुरूच्या बीईएलमध्ये यंत्र तयार होतानाच तो चिपवर एकदा लिहिला जातो आणि त्यानंतर बदलता येत नाही.

त्या चिपला घनसावंगी हे नाव ठाऊक नाही. जांब समर्थ, तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव ही गावं ठाऊक नाहीत. पक्ष ठाऊक नाही, उमेदवार ठाऊक नाही. अमुक क्रमांकाचं बटण दाबलं गेलं, एवढंच तिला कळतं.

तरीही त्यातून निकाल निघतो तो घनसावंगीचाच, नेमका. मला हे फार विलक्षण वाटतं. यंत्राचं वागणं एका जागी कायमचं कोरलेलं आहे आणि जागेचं भान त्याला बाहेरून दिलं जातं. मतदानाच्या काही दिवस आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर कंट्रोल युनिटला एकूण किती बटणं चालू ठेवायची ते सांगतात. बॅलट युनिटवर नावांचा आणि चिन्हांचा कागद बसवतात. एका बॅलट युनिटवर ‘नोटा’ धरून १६ बटणं असतात. उमेदवार जास्त असले की दुसरं, तिसरं युनिट जोडतात आणि प्रत्येकावरची छोटी चकती फिरवून ‘तू पहिलं, तू दुसरं’ असं ठरवून देतात. व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मताची चिठ्ठी छापून दाखवणाऱ्या यंत्रात, चिन्हं भरायला वेगळं उपकरण असतं, सिम्बॉल लोडिंग युनिट. चिठ्ठीवर सात सेकंद दिसणारं नाव आणि चिन्ह तिथून आलेलं असतं. एवढं झालं की कुठलंही यंत्र घनसावंगीचं यंत्र होतं.

सॉफ्टवेअरवाले या बाहेरून सांगण्याला कॉन्फिगरेशन म्हणतात. वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांना त्याचं महत्त्व उमगायला बरीच वर्षं गेली, काही मोठे फटकेही बसले.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. घनसावंगीचा शेतकरी आपल्या शेतात उभा राहून मोबाइलवर कापूस किंवा मोसंबीची नोंद करतो, फोटो काढतो आणि ती नोंद सातबाऱ्यापर्यंत जाते. त्याला दिसतं ते एक ॲप. पण या प्रकारचं कुठलंही ॲप्लिकेशन एकाच वेळी निदान तीन ठिकाणी नांदत असतं. एक प्रत लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर, जिथे दिवसभर मोडतोड चालते. दुसरी चाचणीच्या सर्व्हरवर, जिथे खोटे खातेदार, खोटे गट नंबर आणि खोटी पिकं भरून पाहतात. तिसरी खरी, लोकांच्या हातातली. पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीत ‘लोकलला चालतंय, प्रॉडवर नाही’ हे वाक्य रोज कानावर पडतं. ते लोकल आणि प्रॉड म्हणजे यातलं पहिलं आणि शेवटचं ठिकाण.

तिन्ही ठिकाणी प्रोग्रॅम एकच असायला हवा. चाचणी एकाची करायची आणि लोकांना दुसराच द्यायचा, यात काय अर्थ? पण भोवतालचं सगळं वेगळं असायला हवं. डेटाबेसचा पत्ता वेगळा, त्याचा पासवर्ड वेगळा. चाचणीत ओटीपी कुणाच्याही खऱ्या फोनवर जाता कामा नये. पैसे भरण्याचं पान चाचणीत लुटुपुटुचे व्यवहार करील, प्रॉडवर खरे. काही बिघडलं तर लिहिणाऱ्याला चुकीची सगळी कुंडली पडद्यावर हवी असते, आणि तीच कुंडली प्रॉडवर उघडी पडली तर घुसखोराला आतल्या खोल्यांचा नकाशाच मिळतो. मग हे वेगळेपण ठेवायचं कुठे? प्रोग्रॅममध्येच लिहिलं तर तीन ठिकाणचे तीन प्रोग्रॅम होतात.

याचं एक देखणं उत्तर १९७९ सालापासून तयार होतं. बेल लॅब्जच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आले. संगणकावर एखादा प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याला सुरू करणारा दुसरा प्रोग्रॅम आधीपासून जागा असतो. युनिक्सच्या भाषेत हे आईबाप आणि लेकरू. लेकरू जन्माला येताना त्याच्या हाती नावं आणि त्यांच्या किमती असलेलं एक गाठोडं दिलं जातं: डेटाबेस इथे, पासवर्ड हा, तू चाचणीत आहेस. लेकराला मिळते ती नक्कल. त्यात त्याने काहीही बदललं तरी आईबापाच्या मूळ गाठोड्याला धक्का लागत नाही. पुढे त्याची लेकरं झाली की त्यांच्याही हाती तीच शिदोरी जाते. जगातले असंख्य सर्व्हर आज या क्षणी, जन्मताच हाती आलेल्या अशा गाठोड्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखत आहेत. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं टिकावी याचं मला अजून अप्रूप वाटतं.

वेबच्या जगात या जुन्या युक्तीला नियमाचं रूप आलं २०११ च्या सुमाराला. हेरोकू ही कंपनी हजारो लोकांची ॲप्लिकेशन्स आपल्या सर्व्हरवर चालवत असे. तिथल्या ॲडम विगिन्स यांनी त्या अनुभवातून बारा सूत्रं मांडली. तिसरं सूत्र कॉन्फिगरेशनचं: ते प्रोग्रॅममध्ये ठेवू नका, भोवतालातून येऊ द्या. सोबत एक कसोटीही दिली. तुमचा सगळा कोड आत्ता, या क्षणी जगासमोर उघडा केला, तर एखादं गुपित फुटेल का? फुटणार असेल, तर कॉन्फिगरेशन अजून आत अडकलेलं आहे. मी या कसोटीला फार मानतो, कारण तिच्यात पळवाट नाही.

फटका कसा बसतो, याचं उदाहरण नोव्हेंबर २०१० मधलं आहे. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबवर स्वयंचलित चाचण्या चालवल्या गेल्या. चाचणीची सुरुवात नेहमीसारखी झाली: डेटाबेसमधली जुनी कोष्टकं पुसायची, नवी कोरी बांधायची. पण कॉन्फिगरेशनमधल्या चुकीमुळे समोर चाचणीचा डेटाबेस नव्हता, खरा होता. प्रोग्रॅमने काहीच चुकीचं केलं नाही. सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन त्याने आपलं काम चोख केलं. मग बॅकअपवरून सगळं परत उभं करणं आलं.

उलट दिशेचा घोळही होतो, चाचणीतलं खऱ्यात शिरण्याचा. मतदान यंत्राच्या बाबतीत तर ही भीती हमखास असते. मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या दीड तास आधी, उजाडायच्या आत, प्रत्येक केंद्रावर मॉक पोल होतो. किमान ५० मतं टाकून पाहतात. प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणं दाबतात. यंत्र पुन्हा शून्यावर आलेलं सर्व प्रतिनिधींना दाखवतात. मॉक पोलच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद करतात. हे सगळं करायचं त्याच यंत्रावर, ज्यावर थोड्या वेळाने खरं मतदान व्हायचं आहे! वेबवाला असं काही करायला धजणार नाही. तो चाचणीला दुसरा सर्व्हर घेतो. पण मतदारासमोर येणारं नेमकं हेच यंत्र नीट चालतं, हे बाकी कुठल्या मार्गाने पटवून देणार? आणि दमलेला केंद्राध्यक्ष क्लिअर करायला विसरलाच, तर त्याचाही नियम आहे: ते यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात, आणि जय-पराजयातला फरक अशा केंद्रांवरच्या एकूण मतांइतका किंवा त्याहून कमी असेल, तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. माणूस विसरणार, हे गृहीत धरूनच केलेली ही रचना आहे.

तोच विचार रेल्समध्येही दिसतो. २००४ साली आलेली ही वेब ॲप्लिकेशन बांधण्याची चौकट. डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन ही तीन नावं घराघरांत पोहोचवण्यात तिचा मोठा हात. डेटाबेसच्या पत्त्यांची फाइलच तीन भागांची असे. २०१६ च्या पाचव्या आवृत्तीत तिने एक सुंदर भर घातली. प्रत्येक डेटाबेसमध्ये एक छोटं कोष्टक असतं आणि त्यात लिहिलेलं असतं की मी कुठला आहे. डेटाबेस पुसून टाकण्याची आज्ञा आली की रेल्स आधी ते वाचतं, आणि तिथे ‘प्रॉडक्शन’ दिसलं तर साफ नकार देतं. म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून काहीही सांगितलेलं असो, ज्याच्यावर हात पडणार आहे तो स्वतःच आपली ओळख देतो.

बाहेरून सांगणं इतकं ताकदवान ठरल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: सांगणारं साधन कुणाच्या ताब्यात? मतदान यंत्रातली चिप बदलता येत नाही, ठीक. पण चिन्हं तर दुसऱ्या उपकरणातून आत येतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावर बोट ठेवलं. १ मे २०२४ पासून सिम्बॉल लोडिंगचं काम संपलं की ती युनिटं पेटीत मोहोरबंद करायची, मोहोरेवर उमेदवारांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी सह्या करायच्या, आणि निकालानंतर किमान ४५ दिवस ती मतदान यंत्रांसोबत स्ट्राँग रूममध्ये ठेवायची. हा निकाल २६ एप्रिलचा. घनसावंगीकर परभणीसाठी मत देत होते, तोच दिवस. त्या मतदानाला नियम लागू नव्हता. २० नोव्हेंबरच्या मतदानाला होता.