युवा महोत्सव: समूहनृत्याच्या संघात जाण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या महाविद्यालयीन मुलामुलींसाठी स्पर्धेची वाट संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून जाते. विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे 5 जिल्हे येतात.

• संघ : आंतरविद्यापीठ नियमांनुसार लोकनृत्यात जास्तीत जास्त 10 नर्तक, सोबत 5 साथीदार.
• वेळ : कमाल 10 मिनिटे. शास्त्रीय नृत्य चालत नाही.
• गुण : ताल, रचना, हावभाव, वेशभूषा आणि एकूण परिणाम.
• घरचा ठेवा : बंजारा तांड्यांवरचे होळीचे लेंगी नृत्य, आदिवासी पाड्यांवरचे दंडार नृत्य. डफाचा ठेका लहानपणापासून कानात असतो. दहा जणांचे पाऊल एकाच ठेक्यावर पडायला मात्र रोजचा सराव लागतो.
• पुढची पायरी : राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव (2003 पासून).

एक जण गैरहजर राहिला, तरी सगळी रचना विस्कटते. म्हणून नाव देण्याआधी घरच्यांशी बोला. परीक्षेचे वेळापत्रक आणि गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळही बघून घ्या.