घरातील ध्वनिमिश्रण

स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेले गायन आणि वाद्ये यांचे प्रमाण जुळवून एकजीव गाणे सिद्ध करणे, यास ध्वनिमिश्रण म्हणतात. संगणकामुळे हे काम आता घरीही होते. मात्र घरातील लहान खोली ऐकणाऱ्याच्या कानाला फसवते.

असे का होते? स्पीकरमधून निघालेला ध्वनी थेट कानी पडतो, तसाच तो भिंतींवरून परावर्तित होऊनही येतो. या दोहोंच्या मिलाफाने काही सूर फुगतात, तर काही क्षीण होतात. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असल्यास, सेकंदाला सुमारे ५७ कंपने असलेला खर्जातील सूर भिंतीपाशी घुमतो आणि खोलीच्या मध्यभागी अगदी दुबळा ऐकू येतो. बेस गिटारचे खालचे सूर याच टापूतले. मध्यभागी बसलेला मनुष्य तो सूर कमी पडला असे समजून वाढवतो. पुढे तेच गाणे दुसरीकडे वाजले, की नुसता घुमारा! दोष खोलीचा, पण तो गाण्यात कायमचा उतरतो. चौरस खोलीत तर लांबी व रुंदी या दोन्हींचा दोष एकाच सुरावर येतो.

पुष्कळजण भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवतात. (या उपायाची ख्याती त्याच्या गुणापेक्षा फारच मोठी आहे.) खर्जावर त्यांचा परिणाम होत नाही. त्यापेक्षा बाजूच्या भिंतींपासून थोड्या अंतरावर जाड गोधड्या टांगाव्यात. निदान वरच्या सुरांचा प्रतिध्वनी कमी होतो. खर्जासाठी आसन मध्यभागी नको आणि भिंतीलगतही नको. आवाज बेताचा ठेवावा आणि झालेले मिश्रण हेडफोनवर, तसेच दुसऱ्या खोलीत ऐकून मगच खर्जाचे प्रमाण ठरवावे.