एमपीएससी मुलाखत : पॅनल गावचंच विचारतं, तयारीही गावापासून करा

पुणे : नारायण पेठेत केसरीवाड्याच्या आसपास गावाकडची पोरं-पोरी वर्षानुवर्षं एमपीएससीचा अभ्यास करतात. पूर्व झाली, मुख्य निघाली, की मुलाखत. राज्यसेवेत आधी ९०० पैकी १०० गुण मुलाखतीला होते. नव्या वर्णनात्मक पद्धतीत २०२५ पैकी २७५ आहेत. म्हणजे वजन वाढलंय. मुख्य परीक्षेत कमावलेलं इथं जाऊ शकतं.

पेठेत मॉक मुलाखती होतात, त्या दोन-तीन द्याव्यात. भीड मोडते. पण पाठ केलेली उत्तरं पॅनल लगेच ओळखतं. त्यांच्यासमोर उमेदवाराचीच माहिती असते : गाव, शिक्षण, छंद. प्रश्न तिथूनच निघतात. छंद ‘वाचन’ लिहिला, तर शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं हे विचारणारच.

शेतकऱ्याच्या पोराला शेतीचं विचारतात. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, एवढ्यावर भागत नाही. मग बाजारात त्याखाली का विकावं लागतं? ओलावा, खरेदी केंद्रावरची नोंदणी, हातात पैशाची घाई, हे बापाला तोंडपाठ असतं. पेठेतल्या नोट्स वाचताना घरी एक फोन लावावा. आपल्या तालुक्यात पाणी कुठून येतं, पोरं गाव का सोडतात, हेही विचारून ठेवावं.

येत नसेल तर सरळ ‘माहीत नाही, सर’ म्हणावं. फेकाफेकी महागात पडते.

मुलाखतीला मूळ कागद तपासतात. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव बाकीच्या कागदांशी जुळतं का, नॉन-क्रिमीलेअरची मुदत काय, हे घरच्यांनी आजच बघावं. ऐनवेळी तहसीलला हेलपाटे नकोत.