चोखोबांची भिंत आणि बी. ए. चा अभ्यासक्रम

पुण्यात मी बी. ए. करीत होतो तेव्हा मध्ययुग मला तीन तुकड्यांत भेटले. मराठीच्या तासाला चोखोबांची भक्ती, इतिहासाच्या तासाला यादवांचा पाडाव आणि युरोपचे प्रबोधन, अर्थशास्त्राच्या तासाला बलुतेदारी आणि 'स्वयंपूर्ण खेडे'. तीन वह्या, तीन परीक्षा. एकीतले दुसरीत यायचे नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. सुट्टीत गावी गेलो की आजोबा वह्या वाचायला लावीत. 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली व चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. हाडांतून उमटणाऱ्या विठ्ठलनामावरून नामदेवांनी ती ओळखली, असे परंपरा सांगते. आजोबांनी तरुणपणी येसकरकी केलेली. त्यांनी एवढेच विचारले, "त्या कामाची मजुरी काय मिळायची रं?"

तिन्ही वह्यांत उत्तर नव्हते. कारण हा प्रश्न एका विषयाचा नाहीच. चोखोबांचे जोहाराचे अभंग वाचा. महारकीच्या चाकरीचीच भाषा तेथे देवापुढे उभी आहे. ती समजायला बलुत्याचा हिशेब हवा. बलुते कोठे संपते आणि वेठ कोठे सुरू होते, हे अर्थशास्त्राला विचारले पाहिजे. ज्याने गावकुसाबाहेर राहायचे त्यानेच ते कूस का बांधायचे, हे समाजशास्त्राला विचारले पाहिजे. महारवतन मोडायला 1958 चा कायदा का लागला, पंढरीच्या देवळात शिरायला 1947 साल का उजाडावे लागले, हे इतिहासाने सांगितले पाहिजे.

1341 साली रोममध्ये पेट्रार्कच्या डोक्यावर कवी म्हणून मुकुट चढला. त्याआधी तीनच वर्षे आमचा कवी ढिगाऱ्याखाली गेला. ही दोन साले आमच्या फळ्यावर शेजारी कधी आली नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली. तुलना जरूर करावी. पण मंगळवेढ्याची भिंत वगळून ती पुरी होत नाही.

विषयांच्या भिंती ओलांडण्याची वाट बाबासाहेबांनी घालून दिलेली आहे. अस्पृश्यतेच्या उगमावरील 1948 च्या ग्रंथात त्यांनी धर्मग्रंथ, जनगणना आणि मानववंशशास्त्र एकाच प्रश्नाच्या कामाला लावले, आणि तो ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला.

आज मी वर्गात उभा असतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणापासून बहुविद्याशाखीय शिक्षणाचा गजर चालू आहे. पण मुलाने वाङ्मयासोबत अर्थशास्त्राचा पेपर घेतला आणि दोन्हींना एकच प्रश्न विचारला नाही, तर वह्या तेवढ्या वाढतील. म्हणून विद्यार्थीमित्रांनो, मोडी शिका. 1910 पासूनचे भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्याच पुण्यात आहे, तेथे जा. मात्र जाताना घरच्या म्हाताऱ्यांचा प्रश्न बरोबर न्या. आजोबा आता नाहीत. मजुरीचे उत्तर मी अजून शोधतो आहे.