‘सिकोया’ : एका विहारनौकेची कहाणी

जलविहारासाठी वापरल्या जाणाऱ्या नौका आज बहुधा काचतंतूंच्या, शुभ्र रंगाच्या आणि वेगवान असतात. तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यांत्रिक विहारनौकांची एक निराळीच परंपरा अमेरिकेत आकारास आली होती. या नौका लाकडी व संथ होत्या आणि एखाद्या प्रशस्त घराप्रमाणे सजविलेल्या असत. त्या परंपरेचा उत्कृष्ट नमुना म्हणजे ‘सिकोया’ ही नौका होय.

नौकेची रचना

जॉन ट्रम्पी या संकल्पकाच्या आराखड्यानुसार १९२५ साली न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन येथे ‘सिकोया’ बांधण्यात आली. तिची लांबी १०४ फूट, तर रुंदी वीस फुटांहूनही कमी आहे. अशा लांबट व निमुळत्या बांध्यामुळे नौका पाणी फारसे न घुसळता शांतपणे पुढे सरकते. तिचा तळ उथळ असल्याने नदीच्या व खाडीच्या पात्रातही ती सहज संचार करू शकते. ओकच्या फासळ्यांवर पाइनच्या फळ्या ठोकून तिचा सांगाडा सिद्ध करण्यात आला आहे.

वरच्या मजल्यावर मोठमोठ्या खिडक्यांचे दालन आहे. तेथे बसल्या जागी दोन्ही काठ न्याहाळता येतात. शयनकक्ष खालच्या मजल्यावर असून मागील बाजूस मोकळ्या हवेत बसण्याची सोय आहे. वेग बेताचा असल्याने इंजिनाचा गोंगाट व हेलकावे यांचा त्रास कमी होतो. संथपणा हीच अशा नौकेची मुख्य सुखसोय म्हणावयास हवी.

राष्ट्राध्यक्षांची नौका

१९३१ साली अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने ही नौका विकत घेतली आणि १९३३ मध्ये ती नौदलाकडे गेली. हूव्हर यांच्यापासून अनेक राष्ट्राध्यक्षांनी तिचा उपयोग केला. रूझवेल्ट यांना चालता येत नसल्याने त्यांच्यासाठी नौकेवर उद्वाहक बसविण्यात आला होता. पुढे जॉन्सन यांनी त्या जागी मद्यपेयांचा कक्ष करविला, असे सांगितले जाते. केनेडी यांचा ४६ वा वाढदिवस २९ मे १९६३ रोजी याच नौकेवर साजरा झाला. तो त्यांचा अखेरचा वाढदिवस ठरला.

१९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी काटकसरीचे धोरण म्हणून ‘सिकोया’ विक्रीस काढली. लिलावात तिला २ लाख ८६ हजार डॉलर मिळाले. नौकेचा खर्च शासनाच्या हिशेबातून गेला. नौकेच्या गरजा मात्र होत्या तशाच राहिल्या.

लाकडाचा धर्म

या गरजा समजण्यासाठी लाकडाचा धर्म ध्यानी घ्यावयास हवा. पाण्यात असताना फळ्या फुगतात आणि त्यांचे सांधे घट्ट मिटतात. नौका दीर्घकाळ कोरड्या जागी राहिली की फळ्या आकसतात व सांधे उघडे पडतात. पाणी नौकेला सर्व बाजूंनी सारखा आधार देते. जमिनीवर मात्र सारा भार मोजक्या टेकूंवर येऊन बांधा वाकू लागतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा वरून झिरपणारे पावसाचे गोडे पाणी लाकडास अधिक घातक असते, कारण त्यात कुजविणारी बुरशी फोफावते. कोकणातील मच्छीमार पावसाळ्यात काठावर ओढलेली होडी झावळ्यांनी शाकारतात, ते याच कारणाने. म्हणूनच सांधे बुजविणे, रोगण देणे व सडलेली फळी वेळीच बदलणे ही कामे वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागतात.

उपेक्षा आणि पुनरुद्धार

१९८७ साली ‘सिकोया’ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. परंतु दर्जा मिळाल्याने फळ्या टिकत नाहीत. पुढे मालकीचा वाद न्यायालयात गेला. त्या काळात नौका व्हर्जिनियातील एका गोदीत पाण्याबाहेर पडून राहिली. तिचे लाकूड कुजले आणि रॅकून या प्राण्यांनी तिच्यात आसरा घेतला. २०१६ साली न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हा करारातील वजावटी जमेस धरता खरेदीदाराने एकही डॉलर द्यावयाचा उरला नव्हता. २०१९ साली ती तराफ्यावरून मेन राज्यातील बेलफास्ट येथे पुनरुद्धारासाठी नेण्यात आली.

एकेकाळी राष्ट्रप्रमुखांनी जेथे विसावा घेतला, ती नौका युद्धाने वा वादळाने नव्हे, तर काही वर्षे रोजची निगा न राखल्याने मोडकळीस आली. शाळेची इमारत असो, पंचायतीचे सभागृह असो वा गावची विहीर, दुरुस्तीची लहान रक्कम वेळीच खर्च न केल्यास पुढे मोठी रक्कमही अपुरी पडते. सार्वजनिक मालमत्तेची जबाबदारी वाहणाऱ्या प्रत्येकाने ‘सिकोया’चा हा अनुभव ध्यानात ठेवण्याजोगा आहे.